रस्ता मोकळा दिसतो तेव्हा

अपघात विभागात काही काळ काम केलेल्या प्रत्येक डॉक्टरच्या परिचयाचे एक वाक्य आहे. मोटार आणि दुचाकी यांची टक्कर झालेली असते. दुचाकीवरील माणूस स्ट्रेचरवर असतो आणि मोटारचालक दाराशी कपाळावरचा घाम पुसत उभा असतो. पोलिसांना, नातेवाइकांना, आणि कोणी ऐकत नसेल तर स्वतःलाच, तो एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत राहतो : "मी पाहिलं होतं हो. रस्ता मोकळा होता. हा कुठून आला, कळलंच नाही." ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही. दिवसाढवळ्या, सरळ रस्त्याने, माणसासह दीड-दोनशे किलो वजनाचे वाहन समोरून येत असताना डोळस माणसाला ते दिसू नये, हे पटावे तरी कसे? मग तर्क ठरलेले : हा खोटे बोलतो आहे, नशेत आहे, किंवा मोबाइलवर बोलत होता.

हे तर्क कधी कधी खरेही ठरतात. परंतु दृष्टी आणि अवधान यांविषयी गेल्या काही दशकांत जे संशोधन झाले, त्यावरून एक अस्वस्थ करणारी गोष्ट समोर येते. पुष्कळ वेळा हा मनुष्य अक्षरशः खरे बोलत असतो. त्याने त्या दिशेला पाहिलेले असते आणि त्याला रस्ता मोकळाच दिसलेला असतो. असे का घडते, आणि ते ठाऊक झाल्यावर आपली जबाबदारी कमी होते की वाढते, हा या लेखाचा विषय आहे. मी बालरोगतज्ज्ञ, नेत्ररोग किंवा वाहतूकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि स्कूटरच्या पुढच्या जागेत उभे असलेले, पेट्रोलच्या टाकीवर बसलेले, किंवा आईवडिलांच्या मध्ये दबलेले मूल निश्चितच माझ्या प्रांतातले आहे. त्याच्याचमुळे मला या विषयाकडे वळावे लागले.

विषयाची व्याप्ती

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावरील अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण कोणताही जंतू नसून रस्त्यावरील अपघात हे आहे. ज्या मुलांना आपण लशी देऊन गोवर-घटसर्पातून सोडवतो, ती पुढे चौकात हरवतात, असाच याचा अर्थ होतो.

या अपघातांत चालकाच्या 'न दिसण्या'चा वाटा मोठा आहे, हे प्रथम ठळकपणे दाखवून दिले अमेरिकेतील हॅरी हर्ट यांनी. लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघातांची त्यांच्या पथकाने घटनास्थळी जाऊन तपासणी केली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, दुसरे वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अपघातांत त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलस्वाराचा मार्ग अडवला होता. आणि त्यामागचे प्रमुख कारण मोटरसायकल वेळेत न दिसणे वा न ओळखणे हे होते. पुढे युरोपातील पाच देशांत ९२१ अपघातांचा असाच सखोल अभ्यास झाला. तेथेही मोटारचालकांच्या चुकांपैकी ७० टक्क्यांहून अधिक चुका दुचाकी लक्षात न येण्याच्याच निघाल्या. देश वेगळे, रस्ते वेगळे, वाहने वेगळी. दोष मात्र एकच. अशा वेळी रोगाचे मूळ स्थानिक परिस्थितीत न शोधता शरीररचनेत शोधावे, असे आपले वैद्यकशास्त्र सांगते.

डोळा म्हणजे कॅमेरा नव्हे

डोळे उघडे असले की समोरचे सर्व काही दिसते, अशी आपली भाबडी समजूत असते. वस्तुतः दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या फोव्हिया नावाच्या इवल्याशा खळग्यानेच आपल्याला रेखीव दिसते. हात पूर्ण लांब करून अंगठा समोर धरावा. अंगठ्याच्या नखाएवढा जो भाग झाकला जातो, साधारण तेवढेच क्षेत्र एका वेळी स्पष्ट असते. उरलेले सारे दृश्य पुसट असते. ती उणीव भरून काढण्यासाठी डोळा सेकंदाला तीन-चार वेळा एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर झेप घेतो आणि त्या तुकड्यांतून मेंदू अखंड चित्र जुळवतो.

या झेपेच्या वेळी काय होते? बेनो एर्डमान आणि रेमंड डॉज या संशोधकांनी १८९८ साली नोंदवलेला एक साधा प्रयोग घरी करून पाहण्याजोगा आहे. आरशासमोर उभे राहून आळीपाळीने स्वतःच्या डाव्या आणि उजव्या डोळ्याकडे पाहावे. आपले डोळे हललेले आपल्याला कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते सहज दिसतात. कारण झेपेच्या त्या अत्यल्प काळात मेंदू दृष्टीची आवक दडपून टाकतो. अन्यथा जग सारखे फरफटत असल्यासारखे भासले असते. गंमत अशी, की या खंडाची जाणीवही आपल्याला होत नाही. आधीच्या आणि नंतरच्या चित्रांचा सांधा मेंदू इतक्या बेमालूमपणे जुळवतो, की मध्ये काही गळले असेल ही शंकाच येत नाही.

आता चौकात आलेल्या मोटारचालकाची कल्पना करा. तो घाईत उजवीकडे-डावीकडे मान फिरवतो. त्या एका फेरीत डोळा दोन-तीन ठिकाणीच टेकतो. दोन टप्प्यांच्या मधला रस्ता स्पष्टपणे पाहिलाच जात नाही. त्या फटीत बस मावत नाही, ट्रक मावत नाही. मोटरसायकल मात्र मावू शकते. साधे गणित केले तर १०० मीटरवरून समोरासमोर येणारा, पाऊण मीटर रुंदीचा मोटरसायकलस्वार आपल्या डोळ्याला पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहूनही किंचित अरुंद दिसतो. आकाशात चंद्र एकटा असतो म्हणून नजरेत भरतो; आमच्या बडोद्याच्या रस्त्यावर त्याच्यामागे पाट्या, झाडे, हातगाड्या आणि शेकडो रंग असतात.

न हलणारा ठिपका

पुसट दिसणाऱ्या कडेच्या दृष्टीला एक गुण निसर्गाने दिला आहे : हालचाल तिला चटकन कळते. मग सरकती दुचाकी त्या दृष्टीला का जाणवत नाही? येथे भूमिती आडवी येते. दोन वाहने आपापल्या स्थिर वेगाने एकाच बिंदूकडे निघाली असतील आणि एकाच क्षणी तेथे पोहोचणार असतील, तर एकाच्या चालकाला दुसरे वाहन सतत एकाच कोनात दिसत राहते. ते बाजूला सरकत नाही. समुद्रावरील खलाशी हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत : दुसऱ्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि अंतर घटत असेल, तर टक्कर अटळ समजावी. जे वाहन आपल्याला चुकवून जाणार आहे ते हलताना दिसते; जे आदळणार आहे तेच स्थिर भासते.

त्यात मोटारीच्या समोरील काचेच्या दोन्ही कडांना छत पेलणारे खांब असतात. अशा खांबाने समजा सहा अंशांचा कोन झाकला, तर २० मीटर अंतरावर सुमारे दोन मीटर रुंदीची पट्टी अदृश्य होते. पूर्ण मोटार तीमागे लपत नाही. स्कूटर, तिच्यावरील आई आणि मागे बसलेले मूल सहज लपते. आणि कोन बदलत नसल्यामुळे ती स्कूटर त्या खांबाआडच राहून जवळ येत जाते.

लहान म्हणजे दूर

समजा, चालकाला दुचाकी दिसली. तरी धोका संपत नाही. अंतर आणि वेग यांचा अंदाज मेंदू बव्हंशी प्रतिमेच्या आकारावरून आणि ती किती भराभर वाढते यावरून बांधतो. अरुंद वस्तू दूर वाटते, आणि जी दूर आहे ती उशिरा पोहोचेल असेही वाटते. एकाच अंतरावरून एकाच वेगाने येणारी मोटार आणि मोटरसायकल यांपैकी मोटरसायकल उशिरा पोहोचेल असाच अंदाज चालक बांधतात, हे प्रयोगांतून दिसून आले आहे.

याचेही गणित पाहण्यासारखे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटरसायकल १०० मीटरवरून ५० मीटरवर येण्यास ३.६ सेकंद घेते आणि तेवढ्या अवधीत तिची प्रतिमा केवळ दुप्पट होते, तीही चंद्रबिंबाएवढ्या आकाराची. पुढे २५ मीटरवरून साडेबारा मीटरवर येताना प्रतिमा पुन्हा दुप्पट होते, परंतु या वेळी ०.९ सेकंदात. म्हणजे बराच काळ जणू काही घडतच नाही आणि अखेरच्या क्षणी सारे एकदम अंगावर येते. 'हा कुठून आला, कळलंच नाही' या वाक्याचा उगम येथे आहे. तो आकाशातून पडलेला नसतो. तो बराच वेळ तेथेच असतो.

मन जे शोधते, तेच दिसते

आतापर्यंतचे विवेचन डोळ्याच्या मर्यादांचे झाले. त्याहून मोठी मर्यादा मनाची आहे. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग आता जगप्रसिद्ध आहे. चेंडू खेळणाऱ्यांची चित्रफीत दाखवून प्रेक्षकांना चेंडूची फेकाफेक मोजण्यास सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत आली, छाती बडवून निघूनही गेली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही.

हे सामान्य प्रेक्षकांचे झाले, असे म्हणून आपण डॉक्टरांनी निश्चिंत होऊ नये. २०१३ साली ट्रॅफ्टन ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रेडिऑलॉजिस्टांना छातीच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधण्यास सांगितले आणि त्या चित्रांत, सर्वसाधारण गाठीच्या ४८ पट मोठ्या आकाराचे गोरिलाचे चित्र घुसवले. २४ पैकी २० तज्ज्ञांना ते दिसले नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांची नजर नेमकी त्या चित्रावर टेकून गेली होती, हे नेत्रहालचालींच्या नोंदीवरून सिद्ध झाले. डोळा पोहोचला होता. मन गाठी शोधत होते.

लक्ष्यभेदाच्या परीक्षेत अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, ही कथा सांगून आपण मुलांना एकाग्रता शिकवतो. धनुर्विद्येत ती योग्यच आहे. परंतु एकाग्रतेची किंमत कोणती, हेही त्या कथेत आहे : अर्जुनाला झाड दिसले नाही, गुरू दिसले नाहीत, भाऊ दिसले नाहीत. चौकात वळणाऱ्या चालकाला अर्जुन होऊन चालत नाही.

मन काय शोधते हे सवयीवरही ठरते. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले, की शोधावयाची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तेव्हा ती ७ टक्के वेळा नजरेतून निसटते. शंभरात एखाद्याच चित्रात असेल तर ३० टक्के वेळा निसटते. जे क्वचित आढळते ते शोधण्याची तयारी मन सोडून देते. पाश्चात्त्य देशांत मोटारींच्या तुलनेत मोटरसायकली फार थोड्या आहेत. तेथील चालकाला त्या न दिसण्याचे हे एक कारण मानता येते.

मग आपल्याकडे का?

येथे चोखंदळ वाचक थांबवून विचारील, की बडोद्यात तर दुचाकी क्वचित नाहीत. मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत, रावपुऱ्यात, दांडिया बाजारात जिकडे पाहावे तिकडे दुचाक्याच आहेत. नवरात्रात गरब्याच्या वेळी तर रस्ता त्यांनीच भरलेला असतो. मग येथे त्या का दिसू नयेत?

एक उत्तर आपल्या वेशीवरच आहे. अहमदाबाद-बडोदे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. तेथून तासभर भरधाव आलेल्या चालकाच्या मनाने दुचाकी या वाहनाचा जणू निरोपच घेतलेला असतो. शिवाय इतका वेळ वेगात राहिल्यामुळे शहरातला वेग त्याला आहे त्याहून कमी वाटतो. अशा मनःस्थितीत तो थेट आपल्या मुलाबाळांच्या रस्त्यावर उतरतो.

दुसरे उत्तर मात्र माझ्या निरीक्षणावर आधारलेले आहे आणि ते मी मत म्हणूनच मांडतो. जे दुर्मीळ आहे ते जसे दिसत नाही, तसेच जे सर्वत्र आहे तेही दिसेनासे होते. आपल्या चौकात दुचाकी ही पार्श्वभूमी झाली आहे, भिंतीच्या रंगासारखी. शिवाय चालक नकळत तेच शोधतो, ज्यापासून त्याला स्वतःला भय आहे. बस येते आहे का, डंपर येतो आहे का, हे तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. दुचाकीपासून त्याला भय नाही. ती आपण होऊन थांबेल, कडेने निसटेल, ब्रेक लावील, हा त्याचा रोजचा अनुभव असतो. हजार वेळा तो खरा ठरतो. एक हजार एकाव्या वेळी त्या दुचाकीवर कोणाचे तरी मूल असते. चालक 'एक स्कूटर' पाहतो. तिच्यावरील माणसे मोजत नाही.

या मताला थोडासा आधार असा, की युरोपातील त्या अपघातांच्या माहितीचे २००६ साली विश्लेषण झाले तेव्हा मोटरसायकलचाही परवाना असलेले मोटारचालक अशा टकरींना जबाबदार ठरण्याचे प्रमाण कमी असल्याचे आढळले. ज्याने स्वतः दुचाकी हाकली आहे, त्याच्या मनात दुचाकीला जागा असते.

सत्य असले, तरी सबब नव्हे

काही वर्षांपूर्वी सात वर्षांची एक मुलगी अशाच अपघातानंतर माझ्या देखरेखीखाली होती. वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून ती शाळेतून घरी येत होती. दुभाजकाच्या फटीतून उजवीकडे वळणाऱ्या मोटारीवर स्कूटर आदळली. मुलीच्या मांडीचे हाड मोडले होते आणि डोक्यालाही मार होता. डोक्यावर हेल्मेट नव्हते. मोटारचालक पळून गेला नाही. पेशाने शिक्षक असलेले ते गृहस्थ दोन रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीच्या वडिलांना हात जोडून सांगितले, "देवाशपथ सांगतो, तुम्ही मला दिसलाच नाहीत." त्यावर वडील म्हणाले, "साहेब, तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. आपली नजरानजर झाली, म्हणून तर मी वेग कमी केला नाही."

दोघेही खरे बोलत होते. एकाचे डोळे दुसऱ्याच्या दिशेने होते. त्यालाच दुसऱ्याने आश्वासन मानले. मुलगी वाचली. हाड काही आठवड्यांत जुळले. अडखळणारी वाणी पूर्ववत होण्यास मात्र वर्ष लागले. दोन भल्या माणसांच्या मध्ये, कोणाच्याही दुष्ट हेतूवाचून, हे घडले होते.

मग दोष कोणाचाच नाही काय? या प्रश्नाचे उत्तर मला आपल्याच शास्त्राच्या इतिहासात सापडते. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्यापूर्वीचे डॉक्टर दुष्ट नव्हते. त्यांना आपले हात स्वच्छ दिसत होते. दिसण्यात आणि असण्यात अंतर आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. परंतु ते अंतर एकदा सिद्ध झाल्यावर 'माझे हात स्वच्छ दिसत होते' ही सबब कोणाही डॉक्टरला उरली नाही. ज्ञानाने अपराध क्षम्य होत नाही; ज्ञानानंतर निष्काळजीपणा अक्षम्य होतो. 'रस्ता मोकळा दिसला' हे विधान यापुढे 'हात स्वच्छ दिसले' याच मापाने मोजले पाहिजे. हात धुण्याची जशी पद्धत असते, तशी रस्ता पाहण्याचीही असते, आणि ती शिकता येते.

पाहण्याची पद्धत

चौकात किंवा दुभाजकाच्या फटीशी आल्यावर वेग इतका कमी करावा, की पाहण्यास वेळ मिळेल. मान एका झटक्यात फिरवू नये. प्रत्येक बाजूला जवळ, मध्यावर आणि दूर अशा तीन ठिकाणी नजर क्षणभर टेकवावी, आणि मग पहिल्या बाजूला पुन्हा पाहावे. पहिल्या खेपेला जे फटीत राहिले ते दुसऱ्या खेपेला बहुधा सापडते. बसल्या जागी धड किंचित पुढे-मागे हलवावे, म्हणजे खांबाआडचे उघडे पडते. आणि मनाला नाव घेऊन विचारावे, 'दुचाकी आहे का?' 'काही येतंय का' असे मोघम विचारले, की मन बस आणि ट्रक शोधून परत येते. उभ्या मोटारीचे उजवे दार उघडताना चालकाने डावा हात वापरावा. त्यामुळे शरीर आपोआप वळते आणि मागून येणारा दिसतो. मुलांनाही उतरण्यापूर्वी मागे पाहण्याची सवय लावावी.

मोबाइलविषयी डॉक्टरांना विशेष सांगितले पाहिजे, कारण दवाखान्यातून रुग्णालयात जाताना बोलणे हा आपल्यापैकी अनेकांचा नित्यक्रम आहे. डोनाल्ड रेडेलमायर हे स्वतः वैद्यक. त्यांनी रॉबर्ट तिबशिरानी यांच्यासह १९९७ साली दाखवून दिले, की फोनवर बोलताना टकरीचा धोका सुमारे चौपट होतो आणि हात मोकळे ठेवणारी उपकरणे वापरल्याने तो कमी झाल्याचे आढळत नाही. अडचण हाताची नसून अवधानाची आहे. फोनवरचा अत्यवस्थ रुग्ण हा तेव्हा पक्ष्याचा डोळा होतो, आणि रस्ता दिसेनासा होतो.

दुचाकीस्वाराने आपण अदृश्य आहोत असे धरूनच चालावे. चालकाच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता मोटारीच्या पुढच्या चाकावर लक्ष ठेवावे. चाक खोटे बोलत नाही. चौकाआधी वेग कमी करावा. न्यूझीलंडमध्ये झालेला आणि २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की चमकदार वा प्रकाशपरावर्तक कपडे वापरणाऱ्यांत जखमी होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी, काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांत २४ टक्क्यांनी आणि दिवसा दिवा चालू ठेवणाऱ्यांत २७ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा आपोआप चालू राहतो. आरंभी समोरून येणारा प्रत्येकजण मूठ उघडमीट करून 'दिवा चालू आहे' अशी खूण करीत असे. तो दिवा चुकून राहिलेला नव्हता. 'मी येथे आहे' असे तो सांगत होता.

बालरोगतज्ज्ञाचे मागणे

कायदा आता स्पष्ट आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार दुचाकीवरील चार वर्षांवरील प्रत्येकाने हेल्मेट घालणे बंधनकारक आहे. कायद्याने दिलेले अपवाद मोजके आहेत. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम अधिसूचित झाले : मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा, त्याच्या मापाचे हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नाही. वर्षभराची मुदत संपून हे नियम २०२३ मध्ये लागूही झाले. आपल्या रस्त्यांवर ते किती दिसतात, हे प्रत्येकाने दाराबाहेर पाच मिनिटे उभे राहून पाहावे.

येथे एक सोय आपसूक जुळून आली आहे. गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. म्हणजे हेल्मेटचा नियम ज्या वयात सुरू होतो, नेमक्या त्याच वयात ते बाळ आणि त्याचे आईवडील आपल्यासमोर बसलेले असतात. माझ्या बालरोगतज्ज्ञ बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की त्या भेटीत दोन मिनिटे या विषयाला द्यावीत. बाळाला कशावरून आणलेत, हा प्रश्न विचारावा. नऊ महिन्यांखालील बाळ दुचाकीवरून नेऊच नये, पुढच्या जागेत मूल उभे करू नये, शाळेच्या दप्तराला आणि रेनकोटला प्रकाशपरावर्तक पट्टी लावावी, हे लशीच्या कार्डावरच लिहून द्यावे. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले आईवडील ऐकतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे.

आपण बडोदेकर धोका ओळखण्यात कच्चे नाही. उत्तरायण जवळ आले, की पतंगाच्या मांज्याने गळा कापू नये म्हणून कितीतरी स्कूटरच्या हँडलवर उभी सळई बसवली जाते. ती बसवण्यास कोणी सक्ती करीत नाही. मांजा दिसत नाही, हे आपल्याला ठाऊक असते आणि म्हणूनच आपण त्यासाठी तयारी करतो. चौकातील दुचाकीही मांज्यासारखीच दिसत नाही, एवढे मनाशी पक्के झाले, तर वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही आपण थांबू, मान पुन्हा वळवू, आणि मोकळ्या दिसणाऱ्या रस्त्याकडे आणखी एकदा पाहू. त्या दुसऱ्या दृष्टिक्षेपास एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ताशी ५० किलोमीटर वेगाची स्कूटर १४ मीटर पुढे आलेली असते, आणि बहुधा दिसलेली असते.